कुरवंड्याची हवा आणि पोपटी ब्लाउजपीस

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मी लग्नात आलेल्या चांदीच्या सगळ्या वाट्यांवर हात ठेवून ठरवलं होतं. पण माझ्या सासरी ती प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर वाढली जाते, आणि दर वेळी तिच्यात थोडी साखर जास्त पडते. परवा शेजारच्या काकूंनी मलाच विचारलं, "काय गं केतकी, तुझ्यामुळे कुरवंडं रिकामं करायची वेळ आलेली म्हणे? सरकारी गाड्या आल्या होत्या?"

तेव्हा म्हटलं, बाई गं, आता आपणच सांगून टाकू. निदान माझा गाढवपणा जेवढा होता तेवढाच राहील. तसा तो काही लहान नव्हता.

तर बसा. मी मावळातल्या सगळ्यात स्वच्छ गावाला सगळ्यात घाणेरडं ठरवलं. उगाच तोंडाने नाही हं! शास्त्रीय पद्धतीने, आकडे देऊन, नकाशावर लाल ठिपका लावून.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण ते माझ्या सासरीही अजून नीटसं कुणाला कळलेलं नाही. मी पुण्यातल्या एका संस्थेत आहे आणि मी झाडांची पानं तोडते. हसू नका! बघण्याच्या कार्यक्रमातसुद्धा सगळे असेच हसले होते. "मुलगी काय करते?" "पानं तोडते." "तोरणासाठी?" तिथे मी गप्प बसले. मी एकूणच कमी बोलते. त्याचा आजवर मला एकदाही फायदा झालेला नाही, पण सवय आहे.

आंब्याचं जून पान हातात घेतलंत की गुळगुळीत लागतं ना? त्याच्यावर मेणासारखा पातळ थर असतो. आता धुरातून, जळणातून, कारखान्यांतून काही रसायनं अशी सुटतात की ती लवकर मरतच नाहीत. कुजत नाहीत, विरत नाहीत, वाऱ्यावर बसून या तालुक्यातून त्या तालुक्यात हिंडतात आणि जिथे मेण दिसेल तिथे पाय पसरतात. पान बिचारं महिनोन्‌महिने एका जागी. पारावर बसून आल्या-गेल्याची खबर ठेवणारे आजोबा असतात ना, तसं. आम्ही गावोगावची आंब्याची पानं आणायची, प्रयोगशाळेत त्यांचं मेण धुऊन काढायचं, आत काय काय बसलंय ते मोजायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. गावोगावी महागडी यंत्रं बसवायला नकोत, झाडं फुकटात नोकरी करतात.

यात नियम फार. हातमोजे घालायचे. अंगाला अत्तर नको, क्रीम नको, डासांचं मलम तर अजिबात नको. पानं फॉइलमध्ये गुंडाळायची, फॉइलची पुडी झिपवाल्या पिशवीत बंद करायची, पिशवी बर्फाच्या डब्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरा नमुना. फॉइलची एक पुडी, आत काहीच नाही. ती दिवसभर डब्यातून बरोबर फिरवायची आणि शेवटी तीही तपासायची. त्या रिकाम्या पुडीत काही सापडलं, तर समजायचं की घाण झाडाची नाही, आपली आहे.

हा कोरा नमुना लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

मावळातली तीन गावं माझ्याकडे होती. तळेगावच्या एमआयडीसीला लागून असलेलं नवलाख उंबरे, धरणाजवळचं भातशेतीचं वडिवळे आणि लोणावळ्याच्या वर नागफणीच्या वाटेवरचं कुरवंडे. आमच्या सरांचा हिशेब सरळ होता. "उंबरे लाल येईल, वडिवळे पिवळं, कुरवंडे हिरवं. कुरवंडे हे आपलं स्वच्छतेचं माप, केतकी. बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं."

मी मान हलवली.

आता इथे मध्येच माझं लग्न होतं. म्हणजे झालं. आणि लग्न म्हटलं की ब्लाउजपीस आले.

ब्लाउजपीस हे जगातलं एकमेव कापड असेल, जे न शिवण्यासाठीच विणलं जातं. ते या ओटीतून त्या ओटीत जातं, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात झोपतं आणि वर्षानुवर्षं सुवासिनींमधून फिरत राहतं. माझ्या आईच्या साताऱ्याच्या घरी त्यांची एक अख्खी पेटी आहे. पेटीत डांबरगोळ्या. एक-दोन नाही, मुठीमुठीने. आमच्याकडे कसर यायची हिंमत करत नाही, पाहुणेसुद्धा जरा लांबच बसतात. लग्नाच्या धांदलीत आईने मला देण्याघेण्याच्या पिसांवर इस्त्री फिरवायला बसवलं आणि होणाऱ्या नवऱ्याचा, अमेयचा, फोन आला म्हणून माझी इस्त्री एका पिसावर जरा जास्तच विसावली. छान खमंग वास आला. आई म्हणाली, "राहू दे, आत दुमडून ठेव. शिवणारे का कुणी?"

खरंच कोण शिवणार होतं!

लग्नाला दोन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. मी अमेयची स्कूटर घेतली, पायापाशी बर्फाचा डबा ठेवला आणि सकाळी तळेगावातल्या सासरहून निघाले. कोरा नमुना आदल्या दिवशीच करून ठेवला होता. पण तो डब्यात ठेवताना मनात आलं, दिवसभर उन्हाधुळीतून फिरून याला काहीतरी लागलं म्हणजे? इतका निर्मळ नमुना! म्हणून मी तो अगदी जपून घरच्या फ्रीजमध्ये ठेवला. हो, घरी! पावसात भिजेल म्हणून छत्री घरी ठेवावी, तसा.

नवलाख उंबऱ्यात काम पटकन उरकलं. ट्रक चालले होते, धूळ उडत होती, एका कंपनीच्या फाटकापाशी चांगलं जुनं आंब्याचं झाड होतं. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, पूजा आहे का?" मी मान हलवली. पानं तोडली, पुडी बांधली, पिशवीत घातली आणि निघाले. त्या गावात आमचं कुणी नाही. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण वडिवळ्यात अमेयची आत्या आहे. अमेयने सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी आत्यांना फोन केला, आणि मी झाडाखाली हातमोजे चढवते न चढवते तोच आत्या बांधावरून हाका मारत आल्या.

"अगं नवी सून तू! पहिल्यांदा गावात येतीस अन्‌ तशीच जातीस व्हय? चल घरला!"

"आत्या, पानं..."

"पानं कुटं पळून चालल्यात?"

या युक्तिवादावर विज्ञानाकडे उत्तर नाही. गेले. ओटी भरली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, हळदकुंकू. परत झाडाशी येऊन घाईत पानं तोडली, पिशवीची झिप अर्धीच लागली. निघताना प्रश्न पडला की ओटीचं हे सगळं ठेवायचं कुठे? ओटीचे तांदूळ सांडून चालत नाही, खाली ठेवून चालत नाही, विसरून जाण्याची तर सोयच नाही. नारळ अडकवला स्कूटरच्या हुकाला. तांदूळ सांडू नयेत म्हणून घातले एका झिपवाल्या पिशवीत. आणि पीस? पीस ठेवला बर्फाच्या डब्यात, वरच्या वर. थंडगार राहील!

कुरवंड्यात तर सुनंदामावशी. सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण. कुरवंड्याला दिली आणि तिथलीच होऊन गेली, भाषेसकट. घराच्या मागच्या अंगाला तिने दोन खोल्या काढल्यात, खिडकीतून नागफणी दिसते, आणि येणाऱ्या पर्यटकांना ती राहायला-जेवायला देते. रस्त्यावर पाटी आहे: 'शुद्ध हवा, घरगुती जेवण.' त्यातलं 'शुद्ध हवा' एवढं मोठं की जेवणाला कोपऱ्यात उकिडवं बसावं लागलंय.

मावशीने माझी ओटी भरली. मग तिच्या जावेने भरली. मग समोरच्या घरातल्या वहिनींनी, मग त्यांच्या शेजारणीने. "आमच्या दारावरून गेली अन्‌ रिकामी गेली, आसं नको व्हायला!" सगळ्या वाडीची मी एकटी सून असल्यासारखं चाललं होतं. दोन घरांच्या मध्ये वेळ मिळेल तसं झाड गाठून मी पानं तोडली, आणि त्या घाईत हातमोजे काढायचं राहिलं. निळे रबरी हातमोजे घालून ओटीसाठी ओढणी पसरणारी मावळातली पहिली सून मीच असणार. एक आजी माझ्या हातांकडे बघून हळूच मावशीला म्हणाल्या, "पोरीला खरूज-बिरूज हाय का गं?"

आता झिपवाल्या पिशव्या मोजक्याच होत्या. त्या सगळ्या तांदळाला लागल्या. कुरवंड्याची पानं राहिली नुसती फॉइलमध्ये, पोळीच्या गुंडाळीसारखी दोन्ही टोकांनी उघडी. आणि त्यांच्यावर पिसांची अख्खी चळत. डब्याचं झाकण बसेना, तेव्हा मी वरून दाबलं.

त्या दिवशी संध्याकाळी मावळातले सगळ्यात काटेकोरपणे हवाबंद केलेले नमुने कोणते होते? तांदळाचे.

डबा रात्रभर तसाच राहिला. सकाळी सासूबाईंनी तांदूळ काढून घेतले आणि मी पानं पुण्याला पोचवली. फ्रीजमधला कोरा नमुनाही पोचवला. तो अर्थातच धुतल्या तांदळासारखा स्वच्छ निघाला.

निकाल आला तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

नवलाख उंबरे: हिरवं. वडिवळे: पिवळं. कुरवंडे: लाल! नुसतं लाल नाही, यंत्राच्या पट्टीवर मावेना इतकं लाल. रंग एकमेकांशी ताडून लागतात, त्यामुळे त्याच्यापुढे उंबरेसुद्धा हिरवं ठरलं.

"केतकी," सर म्हणाले, "काही चुकलं नाही ना?"

मी मान हलवली. पण ही मान अशी हलते की तिचा अर्थ 'हो' की 'नाही' ते समोरच्याने ठरवायचं असतं. सरांनी त्यांच्या सोयीचा घेतला.

"कोरा नमुना स्वच्छ आहे. म्हणजे डबा स्वच्छ. म्हणजे हे खरं आहे!" त्यांचे डोळे चमकायला लागले. यंत्राने या फेरीत त्या धुराच्या कुळातल्या सगळ्या रसायनांची मिळून बेरीज दिली होती. कुळातला नेमका कोण कोण आहे, ते दुसऱ्या फेरीत कळणार होतं. पण सरांना आता धीर कुठला! त्यांनी फळ्यावर सह्याद्री काढला. घाटाखालून वर चढणारे बाण काढले. "कोकणातली हवा दिवसा तापते, कडा चढते, वरती गार होते, आणि आपलं सगळं ओझं कुठे टाकते? कुरवंड्यात! हा शोध आहे, केतकी. शोध!"

बाण इतके सुंदर होते की मलाही पटलं.

घरी येऊन मी फक्त अमेयला सांगितलं. अगदी हळू आवाजात. आणि म्हटलं, "कुणाला बोलू नकोस हं, अजून पक्कं नाही."

अमेय एमआयडीसीतल्या कंपनीत आहे. त्याने अर्धंच ऐकलं. "उंबरे हिरवं? आमचं उंबरे? आई! ऐकलंस का? उगाच आमच्या कंपन्यांना नावं ठेवतात लोक! तुझ्या बहिणीचं कुरवंडं आमच्यापेक्षा घाण आहे, मशिनीतून निघालंय!"

सासूबाईंनी बहिणीच्या काळजीपोटी, फक्त काळजीपोटी, घरच्या ग्रुपवर लिहिलं: "सुनंदा, खिडक्या लावून घे. केतकीने तपासलंय."

पुढचं मी बघत बसले. कमी बोलणाऱ्या माणसाला बघत बसण्याचा चांगला सराव असतो. ग्रुपवरून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, तिथून लोणावळ्यात गेलं, चिक्कीच्या दुकानांत गेलं. दोन दिवसांत 'कुरवंड्याची हवा फॅक्टरीपेक्षा वाईट' इथपासून 'कुरवंड्यात पानं काळी पडून गळतायत' इथपर्यंत मजल पोचली. त्याच्या पुढे म्हणे, एक रबरी हातमोजेवाली सरकारी बाई घरोघर हिंडून गेली होती.

आणि मग मावशीचा फोन आला. सासूबाईंना नाही, मला.

"केतके, आता काय करू गं मी?"

मावशीकडे ठाण्याचा एक हास्यक्लब येणार होता. तिच्या आयुष्यातली पहिली मोठी पार्टी. सगळी पेन्शनर माणसं, खास मोकळ्या हवेत श्वास भरून हसायला येणार होती. त्यांच्यासाठी तिने नव्या गाद्या भरून घेतल्या होत्या, खोल्यांना रंग काढला होता, आंबेमोहोर आणून ठेवला होता. ही पार्टी खूश झाली तर ठाण्यातले बाकीचे क्लबही येणार होते. आणि क्लबच्या नाना नावाच्या अध्यक्षांनी त्या सकाळी कळवलं होतं की आमच्यात दम्याची माणसं आहेत, माफ करा, येणं रद्द.

"समोरचा तंबूवाला बबन्या दात काढून हसतोय," मावशी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "पाटी पुसू का गं?"

मावशी ओरडली असती तर परवडलं असतं.

रविवारी आम्ही सगळे कुरवंड्याला गेलो. मी, अमेय, सासूबाई, आणि सर. सरांना शोधाची जागा बघायची होती. त्यांनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली होती, लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखे खुशीत होते. मी वाटभर देवाला म्हणत होते की काहीतरी चुकलेलं निघू दे.

मावशीच्या अंगणात आधीच माणसं जमली होती. समोरचे बबनभाऊ पुढे. बबनभाऊ पठारावर पर्यटकांना तंबू लावून देतात, म्हणजे मावशीचे प्रतिस्पर्धी. पण त्यांचेही तंबू आता रिकामे पडले होते, त्यामुळे दात आत गेले होते.

"सायेब," बबनभाऊ सरांना म्हणाले, "हे समदं त्या बंगलेवाल्यांमुळं. रातच्याला डीजे लावत्यात."

"डीजेने रसायन होत नाही," सर म्हणाले.

"मग ह्या सुनंदाच्या चुलीमुळं. चुलीवरलं जेवान म्हून फोटो टाकती अन्‌ धूर आमच्या तंबूत."

"अन्‌ तुझं जनरेटर? ते काय उदबत्ती हाय?" मावशी उसळली.

सरांनी हात वर केला, बशी मागितली आणि बशीच्या कडेवरून चहाचा थेंब वर चढवून दाखवायला लागले. "हे कोकण, हा कडा, ही हवा..." थेंब काही चढेना. सगळं अंगण बशीकडे बघत होतं.

"मंजी," बबनभाऊ म्हणाले, "खालच्यांनी घाण करायची अन्‌ वर आमी खायाची. मोर्चा काढू!"

"थांबा रे," मावशी म्हणाली. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मोर्चा मागनं. पोर दुसऱ्यांदा दारात आली, आधी तिची ओटी भरते."

बघा हं. मी तिची पार्टी घालवली होती. तिची पाटी पुसायला निघाली होती ती माझ्यामुळे. आणि रागाच्या भरातसुद्धा बाईला आठवलं काय, तर माझी ओटी! आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि तबक घेऊन बाहेर आली. मी पाटावर बसले, ओढणी पसरली. या वेळी हातमोजे नव्हते. मावशीने ओंजळीने तांदूळ टाकले, नारळ ठेवला, आणि त्यावर एक पोपटी ब्लाउजपीस.

आणि माझ्या नाकाला झिणझिण्या आल्या.

ओळखीचा वास. आईच्या पेटीचा. साताऱ्याचा. डोळ्यांतून पाणी काढणारा, कसरीला पळवणारा, पाहुण्यांना लांब बसवणारा वास. डांबरगोळी! आणि डांबरगोळी म्हणजे काय? मी एम.एस्सी. झालेली बाई आहे हो! डांबरगोळी म्हणजे त्याच धुराच्या कुळातला उडाणटप्पू धाकटा मुलगा. जरा उघडं दिसलं की हवेत उडतो आणि मेण दिसलं की जाऊन चिकटतो.

डोळ्यांसमोरून सगळं सरकत गेलं. नवलाख उंबरे, नातेवाईक कुणी नाही, ओटी नाही, हिरवं. वडिवळे, आत्या एक, ओटी एक, पिवळं. कुरवंडे, अख्खी वाडी, पिसांची चळत, लाल. बाण नव्हते, कडा नव्हता, कोकणातल्या हवेचा काही संबंध नव्हता. आम्ही मावळातलं प्रदूषण मोजलंच नव्हतं. आम्ही मोजले होते माझे सासरचे नातेवाईक!

"मावशी," मी म्हणाले, "तुमच्या हवेत काही नाही."

मला बोलताना ऐकून सासूबाई दचकल्या.

"घाण हवेत नाही. ओटीत आहे." आणि मग मी बोलतच सुटले. पेटी, डांबरगोळी, बर्फाचा डबा, झिपच्या पिशव्या, तांदूळ. लग्नापासून एकूण जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या पाटावर बसून बोलले.

बबनभाऊंनी माझ्या ओटीतला पीस दुरूनच हुंगून बघितला.

"पण कोरा नमुना?" सरांनी क्षीण आवाजात विचारलं. "तो तर स्वच्छ होता."

"तो घरी होता, सर. फ्रीजमध्ये. खराब होऊ नये म्हणून."

सरांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. मग नकाशाची गुंडाळी अमेयकडे दिली. आधार लागतो माणसाला.

"मंजी आमच्या बायका परदूषण वाटत हिंडत्यात?" बबनभाऊंना उकळ्या फुटल्या. "तरी म्हन्तो, पेटी उघडली की मला शिंका का येत्यात!"

"ए, तू गप!" मावशी कडाडली. पण आता तिला वेगळंच लागलं होतं. घराण्याच्या पेटीवर आळ! "माझ्या पेटीत गोळ्या न्हाईत. एक बी न्हाई. ह्यो वास ह्या पिसाचा. अन्‌ ह्यो पीस मला ताईनं दिलता. लग्नानंतर मी तळेगावला आलते तवा."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई ताठ झाल्या. "माझ्याकडेही गोळ्या नसतात, मी लवंगा ठेवते. पोपटी ना? वडिवळ्याला आणि तुझ्या वाडीत मी वाटले त्याच गठ्ठ्यातला तो. मला मानपानात आलेला. विहीणबाईंकडून. साताऱ्याहून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, पोपटी पीस काय जगात एकच असतो? कुणाचाही असेल. आईची बाजू घ्यायला नको? आणि ते सिद्ध करायला, सगळ्यांसमोर, माझ्याच हाताने मी तो पीस उलगडला.

मधोमध, आतल्या घडीवर, तपकिरी रंगात, टोकासकट, माझी इस्त्री.

कुजत नाही, विरत नाही, या तालुक्यातून त्या तालुक्यात हिंडतो आणि शेवटी जिथून निघाला तिथेच येऊन बसतो. चिवट प्रदूषक म्हणजे काय ते मी कॉलेजात पाठ केलं होतं. समजलं त्या पाटावर.

अमेय पहिल्यांदा हसला. मग बबनभाऊ. मग सासूबाई, तोंडाला पदर लावून. मावशी मात्र हसली नाही. तिने फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"ठाण्याच्या नानांना सांग. आत्ताच्या आत्ता. तूच घालवलीस, तूच आण."

म्हणजे बघा माझी अवस्था! एका अनोळखी, रिटायर्ड गृहस्थाला मी, जी सासऱ्यांना 'चहा घेणार का' विचारायला तीन दिवस तयारी करते, ती फोनवर समजावून सांगतेय की ओटी म्हणजे काय, तिच्यात पीस का असतो, पिसाला वास का असतो, आणि तो पीस पानांवर मी दाबून का बसवला होता.

पलीकडून नाना म्हणाले, "थांबा, थांबा. स्पीकरवर टाकतो. पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं! त्यांची सकाळची बैठक चालू होती. अख्खा क्लब हसला. आणि ती शिकलेली, सराव केलेली माणसं. एकदा सुरू झाली की ठरल्याशिवाय थांबत नाहीत. हात वर करून हसत असावीत.

"येतोय आम्ही!" नाना धापा टाकत म्हणाले. "पण एक अट. त्या मुलीने समोर बसून हे परत सांगायचं."

मावशीने माझ्या वतीने होकार देऊन टाकला.

दुसऱ्या फेरीत यंत्राने तेच सांगितलं: कुळातला धाकटा एकटाच हजर, बाकी मंडळी नावापुरती. सरांनी फळ्यावरचा सह्याद्री पुसला. मी तिन्ही गावांना परत गेले, या वेळी पहाटेच्या अंधारात, तोंडाला ओढणी गुंडाळून, चोरासारखी. कुणाच्या दारावरून गेले नाही. कोरा नमुनाही बरोबर नेला, शपथेवर सांगते. सगळं सरांच्या मनासारखं आलं. कुरवंडे हिरवंगार, वडिवळे पिवळं, पण हिरव्याकडे झुकलेलं, उंबरे जसं यायला हवं होतं तसं. अमेय दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

फक्त एक झालं. कोरा नमुना लाल आला.

सर माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. मग सांगावंच लागलं. फ्रीजमध्ये ठेवल्यावर एवढी बोलणी खाल्लेली, म्हणून या वेळी ती पुडी मी आठवडाभर आधी करून माझ्या कपाटात ठेवली होती. आणि कपाटात, वरच्या कप्प्यात, ओट्यांमध्ये जमा झालेले सगळे पीस. आणि आईने साताऱ्याहून आठवणीने पाठवलेल्या, मूठभर गोळ्या.

सर शास्त्रज्ञ आहेत, सापडलेलं लपवत नाहीत. नव्या नकाशावर त्यांनी तोही ठिपका दिला. नकाशाची एक मोठी प्रत त्यांनी मावशीला भेट दिली आणि मावशीने ती पाहुण्यांच्या ओसरीवर फ्रेम करून लावलीय. पाटीवर आता 'शुद्ध हवा'च्या पुढे 'तपासलेली' असंही आलंय, त्यामुळे जेवणाला बसायलाही जागा उरलेली नाही.

हास्यक्लब आला तेव्हा मी तिथेच होते, अटीप्रमाणे. नानांनी चष्मा वर करून नकाशा न्याहाळला. कुरवंड्याच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं, समाधानाने मोठा श्वास घेतला. मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि तळेगावापाशी, सगळ्या नकाशातल्या सगळ्यात लालभडक ठिपक्यावर थांबलं.

"बापरे! इथे कसला कारखाना आहे हो?"

मावशी चहाचा ट्रे घेऊन चालली होती. मान न वळवता म्हणाली,

"कारखाना न्हाई. तितं आमची सून ऱ्हाती."